टकलू सरांची गल्ली

हेडसर : हसू नका बाई! कुरिअरवाला भर चौकात ओरडत होता, ‘टकलू सरांची गल्ली कुठंय हो?’ आणि अख्खा चौक हात करून माझं घर दाखवत होता!

बाई : म्हणजे पत्ता बरोबर होता.

हेडसर : तुम्ही शिक्षिका आहात की शत्रू? भूगोल शिकवायचा तर पुस्तकातला शिकवा. डोंगर आहेत, वाळवंटं आहेत. पोरांच्या हातात तो ऑनलाइन नकाशा देऊन गावाला नावं ठेवायला कुणी सांगितलं?

बाई : मी गल्ल्यांना नावं द्या म्हटलं होतं. ठेवली ती गावानंच.

हेडसर : उद्यापासून नकाशाचा तास बंद. संगणकाच्या खोलीला कुलूप.

बाई : आधी जिनं नाव टाकलं तिला तर विचारा. भिंगरी, दाराआडून ऐकू नकोस, आत ये.

भिंगरी : ऐकत नव्हते बाई. नुसती उभी होते.

हेडसर : हे नाव तू ठेवलंस?

भिंगरी : टाकलं मी सर, ठेवलं नाही. बाई म्हणाल्या, मनाचं नाव लिहायचं नाही, लोकांच्या तोंडात असेल तेच लिहायचं. भाजीवाली हेच म्हणते. दूधवाला हेच म्हणतो. तुमच्या घरच्या काकूसुद्धा.

हेडसर : आमची ही?

भिंगरी : फोनवर पत्ता सांगतात ना, ‘टकलू सरांच्या गल्लीत या, पहिलंच घर.’

बाई : घ्या. घरचाच आहेर.

हेडसर : तुम्ही गप्प बसा!

बाई : नाही बसत. हा फोन घ्या आणि डोळे उघडून बघा. आम्ही हात लावायच्या आधीचा नकाशा आहे हा. नदी आहे, पूल आहे, मोटारींचं शोरूम आहे. त्याच्या मागं काय दिसतंय?

(हेडसर फोन हातात घेऊन उलटसुलट फिरवतात.)

भिंगरी : सर, उलटा धरलाय. तो बाण वर करा. उत्तर वर असतं.

हेडसर : ठाऊक आहे मला उत्तर!

भिंगरी : आम्हाला नव्हतं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, ‘उत्तर कुठंय?’ तर सगळ्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं.

हेडसर : इथं तर काहीच नाही. ‘मोकळी जागा’ लिहिलंय.

बाई : ती मोकळी जागा म्हणजे आपण. मी, ही, तुम्ही, तुमचं पहिलं घर. विजेचं बिल या मोकळ्या जागेत बिनचूक येतं. मतं मागायला येणाऱ्यांना वाट विचारावी लागत नाही. नकाशा काढताना मात्र इथं माणूस राहत नाही! तुम्हाला माझा राग येतो. याचा नाही येत?

हेडसर : राग आला म्हणून माझंच डोकं सापडलं?

भिंगरी : सर, आमच्याकडं यायला तुमच्याच गल्लीतून यावं लागतं. माझ्या धाकट्या भावाला, बाळूला दम्याचा झटका आला ना, तेव्हा ॲम्ब्युलन्स शोरूमपाशीच थांबली. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, पुढं रस्ताच नाही. आई म्हणत होती, मी रस्त्यावरच उभी आहे हो. शेवटी उचलून पळत नेलं त्याला.

हेडसर : आता कसा आहे?

भिंगरी : झकास. काल माझा खोडरबर खाल्ला.

बाई : बरं सर, त्या कुरिअरवाल्यानं आणलं तरी काय?

हेडसर : ते खासगी आहे.

भिंगरी : केस उगवायचं तेल. खोक्यावर चित्र होतं.

बाई : आधी कधी पोचलं होतं का?

हेडसर : ...नाही. दरवेळी परत जायचं. पत्ता सापडत नाही म्हणे.

भिंगरी : केस आले की मी लगेच नाव बदलते सर. आईशप्पथ.

हेडसर : आत्ताच बदल. ‘गुरुजींची गल्ली’ लिही.

भिंगरी : लिहिते. पण तसं कुणीच म्हणत नाही सर. ॲम्ब्युलन्सवाल्यानं चौकात विचारलं तर लोक म्हणतील, असली गल्ली इथं नाही.

हेडसर : बाई, तुम्ही काही बोलत नाही?

बाई : गप्प बसा म्हणालात ना.

हेडसर : बाळूला परत झटका आला, तर काय सांगशील ग त्या ड्रायव्हरला?

भिंगरी : टकलू सरांच्या गल्लीतून सरळ, नळापाशी उजवीकडं.

हेडसर : हं. आण तो फोन इकडं. हे काय लिहिलंयस?

भिंगरी : बदलू का सर?

हेडसर : बदल. शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो. ‘लु’ नाही, ‘लू’.