पडद्यामागचे दुसरे पाय

थांबा हो मिथुनदादा, वायर गुंडाळू नका — एकाच माणसाचे घुंगरांचे पाय रेकॉर्ड झालेत, दुसरे बाकी आहेत. कॉपी करून नाही चालणार. का म्हणजे? नाटक जुनंच आहे — सरदार, त्याची बायको, आणि सरदाराचे कान भरणारा एक जवळचा माणूस. शेवटी सरदार बायकोला मारतो, मग कळतं, तिचं कुणाशी काहीच नव्हतं. ते आम्ही कथकमध्ये बसवलंय, सरदार मी, रविवारी शो. मत्सर कसा दाखवायचा, तर आमच्या गुरू वसुंधराताई दोन महिने मला भुवया शिकवत होत्या — डोळे बारीक कर, ओठ चाव. अहो, कोण करतं असं? जळणारा माणूस तोंडाने काही दाखवत नाही, तो ऐकत उभा राहतो. मी म्हटलं, बायको पडद्यामागे एकटी रियाज करतेय, सरदार अलीकडे — आणि त्याला घुंगरं दोघांची ऐकू येतात. बस. तबलासुद्धा नको. ताई चक्क ‘वा’ म्हणाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कुठून सुचलं? या बाहेरच्या जिन्यात. म्हणजे — सई म्हणून एक होती, बारावीतली, बायकोचं काम तिचं. तिला ताई सकाळी सातला वेगळं शिकवायच्या. एकदा मी करंजाड्याहून लवकर आले, तर दार बंद, आणि आतून तत्काराचा, पायांच्या ठेक्याचा आवाज — दोघींचा. ताई नाचत होत्या. तिच्यासोबत! माझ्यासमोर नऊ वर्षं त्या गादीवर बसून नुसत्या टाळ्या देतात, ‘गुडघे दुखतात गं मनस्वी.’ तिच्यापुढे नाही दुखत? मी बेल न वाजवता तशीच उभी राहिले. मग रोज यायला लागले, सातला. — असं काय बघताय, वेडी नाहीये मी.

‘होती’ म्हणजे गेली. तिच्या बाबांनी क्लासमधून काढलं. बँकेत साहेब आहेत, पोरांचे टक्के सोडून जगात दुसरं काही बघितलं नाही त्या माणसाने. स्टेशनबाहेर भेटले, म्हणाले, कसं चाललंय आमच्या सईचं? मी एक शब्दही खोटा बोलले नाही. म्हटलं, काका, मीपण ताईंचीच विद्यार्थिनी, इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं, आता घरी बाबा बोलत नाहीत माझ्याशी, आई ताट ठेवते आणि आत निघून जाते. एवढंच. आणि हसले. दुसऱ्या दिवसापासून सई बंद.

छे, ताईंनी कुठे सांगितलं होतं मला इंजिनीअरिंग सोडायला? त्या तर ओरडल्या होत्या — आधी डिग्री घे, मूर्ख! पण ते काकांनी विचारलं नाही, मी कशाला सांगू? मोठी माणसं अर्धं ऐकून निकाल लावतात, त्यात माझी काय चूक? ... तुम्ही हसू नका.

मला वाटलं, आता बायकोचं काम ताई स्वतः घेतील. माझ्यासोबत. एका शोपुरतं तरी — गुडघे बांधून, कशाही. पण काकांनी फोनवर माझं नाव सांगून टाकलं त्यांना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘बायको दिसायला नकोच, नुसता आवाज ठेव, रेकॉर्ड करून घे,’ म्हणाल्या, आणि स्वतःचे घुंगरू खुंटीवरून काढून आत घेऊन गेल्या. नाही, कुठे गेल्या नाहीत, त्या दाराआडच आहेत. सकाळपासून.

हं, हेडफोन द्या. मघाचे माझे पाय माझ्याच कानात लावा, त्यांच्यावर दुसरे टाकते. जरा जड टाकते, वेगळं माणूस वाटलं पाहिजे. मात्रा चुकली तर हात करा. — काय? दोन मिनिटं येतील का, विचारू? तुम्ही साऊंडचं बघा ना दादा. तुम्हाला आवाजासाठी बोलावलंय. दार वाजवायचं नाही.

बसा खाली. लावा.