वाळूसाठी उठलेला राजा

कुलसुम : म्हणजे आधी स्वतःच्याच घोड्यावर बाण सोडला?

खैरुद्दीन : शिट्टी वाजवत जाणारा बाण. मोडू राजाचा हुकूमच होता, माझा बाण जाईल तिथे सगळ्यांचे बाण गेले पाहिजेत. जे थांबले त्यांची मुंडकी उडवली. खलास.

कुलसुम : आणि मग लाडक्या बायकोवर.

खैरुद्दीन : हो. मग बापाच्या घोड्यावर, मग बापावर. डिसिप्लिन बघ. दोन हजार वर्षांपूर्वी, चीनच्या वरच्या अंगाला, तंबूत राहणारे लोक. घर नाही, शेत नाही, नुसते घोडे. पण चीनचा बादशहा त्याला टरकून होता. दोरी ओढ जरा तिकडून.

कुलसुम : ओढते. माझीच ट्रंक आहे. बायकोने काय केलं होतं?

खैरुद्दीन : काही नाही. ती परीक्षा होती.

कुलसुम : तिची?

खैरुद्दीन : शिपायांची गं. आमचा गोरा साहेब आपल्या मुलखात परत जाताना हे पुस्तक मला देऊन गेला, ते उगाच नाही. डिक्शनरी घेऊन वाचलं मी. ऐक, खरी गंमत पुढे आहे. शेजारच्या राजाने निरोप धाडला, तुझा नामी घोडा दे. दरबारी म्हणाले, नको. मोडू म्हणाला, शेजाऱ्यापुढे घोड्याचं काय एवढं. दिला.

कुलसुम : बरं.

खैरुद्दीन : मग निरोप आला, तुझी एक बायको दे.

कुलसुम : उरल्या होत्या वाटतं.

खैरुद्दीन : राजा होता तो. तीही दिली. मग शेजाऱ्याने मधली ओसाड वाळू मागितली. दरबारी म्हणाले, देऊन टाका, काय कामाची. आणि राजा उठला. जमीन म्हणजे राज्याचं मूळ, म्हणाला. देऊन टाका म्हणणाऱ्यांना तिथेच कापलं, घोड्यावर बसला आणि शेजाऱ्याचं राज्य बुडवलं. आज संध्याकाळी आमचा थोरला, नूरुद्दीनभाई, येऊ दे. इथे दुबईत खाडीच्या नव्या पुलाजवळ आपली वाळूची जागा आहे ना, ती मागणार आहे. कसं ठणकावतो ते बघ.

कुलसुम : मी कुठून बघणार? संध्याकाळी मी गावी जायच्या बोटीत असेन.

खैरुद्दीन : हां. ते आहेच.

कुलसुम : कसला मेला राजा. घोड्याला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही, आणि तलवार उपसली कशासाठी, तर वाळूसाठी. आमच्या हर्णैत असल्याला कोणी होडीवर मासळी निवडायला घेतलं नसतं.

खैरुद्दीन : तुला पॉलिटिक्स कळत नाही. शेजाऱ्याला गाफील ठेवायचं होतं.

कुलसुम : गाफील ठेवायला बायकोच सापडली. रमझानच्या आधी भाईंनी माझं शिलाईचं मशीन मागितलं, दुकानाला हवं म्हणून. तुम्ही काय म्हणालात?

खैरुद्दीन : भावापुढे मशीनचं काय एवढं, म्हणालो.

कुलसुम : मग म्हणाले, गावात अम्मांना बघायला कोणी नाही, कुलसुमला पाठव. त्यांच्या बायकोला बोटीत मळमळतं म्हणून.

खैरुद्दीन : हमीदाभाभीला खरंच मळमळतं.

कुलसुम : होडीत बसून खाडीपलीकडे कापड बघायला जाते, तेव्हा नाही मळमळत. तुम्ही इन्शाल्ला म्हणालात. मला कळलं, ते ही ट्रंक खाली काढलीत तेव्हा.

खैरुद्दीन : भाई मोठा आहे.

कुलसुम : आणि आज एकदम धाकटा झाला? वाळू मागितली म्हणून?

(खैरुद्दीन ट्रंकेवर बसतो.)

खैरुद्दीन : त्या जागेवर तुझ्यासाठीच खोली बांधणार होतो. पक्की. झावळ्यांची नव्हे.

कुलसुम : खोली माझी दुबईत आणि मी हर्णैत.

खैरुद्दीन : परत आणली असती.

कुलसुम : त्या राजाने आणली? शेजाऱ्याचं राज्य बुडवलं तेव्हा ती तिथेच असेल ना, कुठल्यातरी तंबूत.

खैरुद्दीन : पुस्तकात नाही ते. जनावरं बरीच हाती लागली, एवढं आहे.

कुलसुम : मग ते पुस्तक चुलीजवळ ठेवा. कागद जाड आहे, चांगलं पेटेल.

खैरुद्दीन : मग करू काय? जागा देऊन टाकू? लोक म्हणतील, याला वाळूसुद्धा राखता आली नाही.

कुलसुम : म्हणू देत. तुमच्या शेजारी बसून ऐकेन मी. भाईंना सांगा, जागा घ्या, पण पहिली खोली अम्मांची बांधा आणि त्यांना इथे आणा. मी बघते त्यांचं सगळं. त्यांचा जीव आहे माझ्यावर.

खैरुद्दीन : भाई ओरडेल.

कुलसुम : ओरडतील. बाण नाही सोडणार.

खैरुद्दीन : आणि तोवर अम्मांना?

कुलसुम : माझी जहूरआपा अम्मांच्या शेजारच्याच आळीत आहे. तिला मी कधीच विचारलंय. तुम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

खैरुद्दीन : ...मग जातो भाईकडे. तो यायच्या आधी मीच जातो. थोडा चहा दे.

कुलसुम : कप ट्रंकेत आहेत.

खैरुद्दीन : माझाही नेत होतीस?

कुलसुम : दोन्ही. सोडा आता ती दोरी. गाठ तुम्ही मारलीत.