दाजींचं इंग्रजी

दाजी लय शिकलेले, असं माझ्यापुढं पुन्हा म्हणू नका. हातातला चहा फेकून देईन.

दादाला पेनिसिलिनची सुई चालत नव्हती. एकदा पालमला टोचली, तर तोंड सुजून डोळे मिटले होते. यंदा ऊसतोडीत पायाला कोयता लागला, जखम चिघळली, म्हणून त्याला परभणीला नेला. सोबत आई, मी आणि बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे बी.ए. दाजी.

डॉक्टरनं साध्या मराठीत विचारलं, "आधी कुठलं औषध बाधलं होतं का?"

मी तोंड उघडलं, तर आईनं चिमटा काढला. "जावई बोलायलेत ना? गप बस."

दाजींनी कॉलरचं बटण लावलं. "रिस्पेक्टेड सर, आय बेग टु स्टेट..." अर्ज वाचावा तसं गाव, घराणं, शेत सगळं सांगितलं. सुईपर्यंत पोचलेच नाहीत, हे आम्हाला मागून कळलं. डॉक्टर तरी कसला! कळलं नाही म्हणायची त्यालाही लाज. "यस, यस," म्हणत त्यानं सुई भरली. आम्हाला वाटलं, सांगून झालं.

दादा तिथंच गेला.

दहाव्याला दाजी पाहुण्यांना सांगत होते, "मी डॉक्टरला सगळं नीट समजावलं होतं."

मी सगळ्यांपुढं म्हणालो, "मग तेच आमाला मराठीत सांगा."

"ॲलर्जीला मराठीत शब्द न्हाई."

"न्हाई कसा? ही सुई टोचली की माझा भाऊ मरतो. यातला कोणता शब्द अवघड हाय, दाजी?"