ठिणगीचा डावा पाय

डॉमिनिक: कोट काढ, बस. कॉफी देतो, पण आधी आपल्या कॉमिकचं हे पान बघ.

व्हर्नन: पान काय बघायचं, डॉम? तुझ्या पेन्सिलीवर शाई मीच चढवलीय. पुलावरची लढाई, सगळी पोरं पहिल्यांदाच एकत्र, मागे धुराचे लोट. संपादक जाम खूश आहे. तू फोनवर असा बोललास की मला वाटलं कुणीतरी गेलं.

डॉमिनिक: किती पोरं आहेत?

व्हर्नन: सहा जणांची पलटण, आणि ही नवीन आलेली सातवी. ठिणगी.

डॉमिनिक: तिचा डावा पाय बघ.

व्हर्नन: चांगला आहे की.

डॉमिनिक: मी चांगला काढला नव्हता. मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर होता, दोन्ही बाजूंना सळ्या, चामड्याचे पट्टे, जाड तळाचा बूट. माझ्या टेसाचा पाय होता तो.

व्हर्नन: अरे. मला वाटलं आखणीच्या रेघा आहेत. तू अंगाखाली एवढे सांगाडे उभे करतोस, त्यात आखणी कुठली आणि चित्र कुठलं, कळतंय कुणाला? शुक्रवारी पानं हातात आली, सोमवारी छापखान्यात द्यायची होती. दिसली रेघ की फिरव रबर.

डॉमिनिक: असेल. भांडायला नाही बोलावलं तुला. ह्या मंगळवारी अंक दुकानात आला. पपांनी मला लढाईत घेतलंय, असं तिनं आधीच वर्गभर सांगून ठेवलं होतं. वर्गात सगळ्यांनी पान बघितलं. बुधवारी सकाळी कॅलिपर पलंगाखाली ढकलला आणि तशीच शाळेला निघाली. जिन्यातच पडली. आज शनिवार, तरी अजून घालत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर गुडघा कामातून जाईल.

व्हर्नन: मग सांग ना तिला, व्हर्नन गाढव आहे म्हणून. एवढं सोपं.

डॉमिनिक: पानावर नाव कुणाचं आहे?

व्हर्नन: तुझं.

डॉमिनिक: माझ्या एकट्याचं. शाईवाल्याचं नाव छापतात कुठे? मला एवढंच म्हणाली, "पपा, तुम्हाला मी अशी हवी होते ना?" त्यानंतर बोललेली नाही.

व्हर्नन: आणि तू गप्प बसलास?

डॉमिनिक: शाईवाल्यावर खापर फोडायचं नाही, हे तूच शिकवलंस मला. ते मोडून सांगितलं असतं, तरी तिला वाटलं असतं पपा दुसऱ्यावर ढकलतायत. म्हणून तूच सांग.

(टेसा भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दाराशी येते.)

टेसा: काय सांगायचंय?

व्हर्नन: ये ये, बस. हे बघ बाळ, पपांनी तुझा कॅलिपर व्यवस्थित काढला होता. माझ्या हातून खोडला गेला. आखणीच्या रेघा वाटल्या मला. म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला झालाय, दुसरं काय.

टेसा: पपा, बूट कसा काढला होता?

डॉमिनिक: तुझ्यासारखाच. जाड तळाचा.

टेसा: इथे दोन्ही बूट सारखे आहेत. रेघा खोडल्यावर बूट कसा बदलला, व्हर्नन काका?

व्हर्नन: डॉम, तू जरा बाहेर जातोस का?

डॉमिनिक: नाही.

व्हर्नन: बरं. बूट मी नवा काढला. कॅलिपर आहे हे मला कळलं होतं, टेसा, आणि कुणाचा आहे तेही. एवढ्या देखण्या पानावर ते लोखंड मला बघवेना. म्हटलं, निदान कागदावर तरी पोरीचा पाय सरळ असू दे. वर स्वतःला शाबासकी दिली, की केवढं चांगलं काम केलं. आणि आत्ता तुझ्या पपांच्या तोंडावर खोटं बोललो. मला तुमच्याकडे मान वर करून बघवत नाहीये.

टेसा: म्हणजे पपांनी नाही केलं.

व्हर्नन: नाही. त्यांना अंक छापून आल्यावर कळलं.

टेसा: पण चित्रात तिच्या पायापाशी ठिणग्या उडतायत. त्या कशाच्या?

डॉमिनिक: पुलावरचे दिवे गेलेले असतात. सगळी पलटण पांगलेली, कोण कुठे आहे कुणाला दिसत नाही. ती कॅलिपर कठड्यावर आपटते, आणि त्या ठिणग्या बघून सगळे तिच्याभोवती गोळा होतात. तिथून लढाई फिरते.

टेसा: वर्गात तो जोई म्हणाला, ही नुसती उभी आहे, हिचं काम काय?

व्हर्नन: काम मी खोडलं. पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांचं पान असतं ना, तिथे मी लिहून देतो, काय खोडलं आणि कुणी. संपादकाला छापावंच लागेल. माझं नाव छापून यायची ही पहिलीच वेळ असेल.

टेसा: त्याला महिना आहे. सोमवारी शाळा आहे.

व्हर्नन: तुझी प्रत आण मग. दौत आणि ब्रश माझ्या कोटात असतात. कागद हलका आहे, शाई थोडी पसरेल.

टेसा: पसरू दे. पट्टे कुठून कुठे जातात माहीत आहे तुम्हाला?

व्हर्नन: नाही. खोडताना तेवढं बघितलं नव्हतं.

टेसा: मग नीट बघूनच काढा. मी घालून येते.

डॉमिनिक: मी आणू का?

टेसा: पलंगाखालून ओढून द्या, पपा. खूप आत ढकललाय मी.