आईनं उघडलेलं कुलूप

तुम्हाला वाटतं, कुलूप किल्लीशिवाय उघडणं पोरांचं काम आहे? मी पहिल्यांदा शिकवलं ते आईला. दादा वारल्याला आठवडाही झाला नव्हता.

दादाला हाच छंद होता. सीताबर्डीच्या बाजारातून जुनी कुलुपं आणायचा, ट्रकच्या वायपरच्या पट्ट्या घासून हत्यारं करायचा आणि आमच्या वाडीतल्या खोलीत तासन्‌तास उघडत बसायचा. मीही त्याच्याकडूनच शिकलो. आई त्याला चोराचे धंदे म्हणायची. त्या दिवशी तिनं त्याची पिशवी माझ्यापुढे टाकली.

"पाहुणे येऊन राहिले. हे भंगारात देऊन ये. लोक म्हणतील, पोरगा चोर होता."

मला रडूच फुटलं. "देतो. पण एक कुलूप तू उघडून पाह्य पहिले."

"मले काय करायचं गा?"

"तो काय करत होता, ते तरी समजंल तुले."

ती बसली आणि लागली जोर लावायला.

"दाबू नको वं आई. ही पट्टी नुसती धर. दुसरीनं आतल्या पिना एकेक उचल. बसली की टिक वाजते."

तिनं डोळे मिटले. पोळ्या लाटणारी ती जाड बोटं इतकी हळू चालली की मी श्वास रोखून पाहत राहिलो. टिक. मग अजून एक. आणि कुलूप तिच्या तळहातावर अलगद उघडलं.

 ती नुसती त्या कुलपाकडे पाहत राहिली. तेवढ्यात आत्या दारात आली.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"माह्या पोराचं काम पाहून राहिली," आई म्हणाली, आणि माझ्यापुढे हात केला. "दुसरं दे."