कोणाचा मामा?

...मोबाईलची चूक नाही, नेटची नाही, पोट्ट्यांची तर बिलकुलच नाही. चूक लक्ष्मणरावची! हो, माह्या सख्ख्या मामाची. नाव घेऊनच सांगतो, कायले लाजू? सारं गाव म्हणते, कुंदननं आग लावली. अरे बापा, आग कायची, तिथं पाणीच नव्हतं म्हणून तर सारं झालं! तलाव मी नाही खाल्ला. मी फक्त दाखवला.

तुम्हाले सांगतो, आमचं गाव कोंढ्याच्या पलीकडे, धानाचं. बाप मेला तशी माय मले कडेवर घेऊन भावाच्या घरी आली, तेव्हापासून मामाच्या परसातली खोली आमची. आता आमच्याकडे भाचा म्हणजे देव! मामा भाच्याच्या पाया पडते, भाच्यावर हात उचलला त हात थरथर कापते म्हणते. आमचा मामा दर दिवाळीले सगळ्यांसमोर माह्या पाया पडे, अन् उठून उभा राहिला की वर्षभर ढोरं धुवाले लावे. असा देव होतो मी.

भंडाऱ्याले कॉलेजात गेलो, दुसऱ्या वर्षी सोडलं. काहून सोडलं? तिथं सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवत अन् आम्ही लिहून घेत, मग एसटीचं तिकीट कायले फाडू? घरी आलो त मामा म्हणते, "फुकटच्या भाकरी मोडू नको बे, पोट्ट्यांले काही शिकव." बैठकीतला टीव्ही दिला, वायफाय दिलं. मी मोबाईल टीव्हीले जोडला अन् इतिहास-भूगोल सुरू केला.

अन् काय सांगू, पोट्टे पागल झाले! पुस्तकात किल्ला म्हणजे अंगठ्याएवढा काळा डाग, खाली लिहिलं 'किल्ला'. मी आंबागडचा किल्ला टीव्हीवर गोल फिरवला, त गिरजाबाईचा नातू चंद्रकुमार, सदा नाक वाहणारं पोट्टं, उठून टीव्हीच्या मागं जाऊन पाहून आला... मागची बाजू तिकडून दिसते का म्हणून! हसता काय? पुस्तक वाचून कोणी कधी पुस्तकाच्या मागं जाऊन पाहिलं का? मग वैनगंगेवर बोट ठेवलं अन् सरकत सरकत पार गोदावरीत घुसलो, समुद्रापर्यंत. मामाची नात टीना विचारते, "काका, तिकडे गेल्यावर आपलं पाणी तेलुगू बोलते का?" आता याचं उत्तर कोणत्या सरच्या नोट्समध्ये आहे, सांगा!

चाललं होतं चांगलं. पण मामाच्या डोक्यात किडा वळवळला. सव्वीस जानेवारीले समाजमंदिरात कार्यक्रम, मामा पाहुणा. म्हणते, "आंबागड काय, गोदावरी काय! आपल्या गावचा इतिहास दाखव. वाडवडलांनी काय काय करून ठेवलं ते कळू दे पोट्ट्यांले!" हे त्याचे शब्द हां. माह्या मायनं ऐकले.

आता गावचा इतिहास म्हणजे काय जी? ना किल्ला, ना राजा. तलाव! टीव्ही समाजमंदिरात नेला, सारं गाव सतरंजीवर, मोठी माणसं खुर्च्यांवर, मी सॅटेलाईटच्या नकाशात वरून तलाव दाखवला. म्हटलं, हा आपला मामा तलाव. पोट्टे फिदीफिदी हसाले लागले. चंद्रकुमार विचारते, "कोणाचा मामा?" म्हटलं, अबे, मालगुजार म्हणजे जुने जमीनदार होते तेव्हा त्यांनी खोदला, त्याचं सरकारी नाव माजी मालगुजारी तलाव, आखूड करून मामा. "हाव, पण कोणाचा मामा?" म्हटलं, कोणाचाच नाही, बस खाली!

तेवढ्यात मामाले टीव्हीवर, तलावाच्या फोटोखाली, एक पट्टी दिसली. वर्षांची पट्टी. मागं सरकवली की जुने फोटो येते. "हे कायची पट्टी आहे बे? सरकव सरकव, जुनं दिसू दे!" कोण म्हणालं सरकव? मी म्हणालो? मी त वायर धरून उभा होतो! मोबाईल टीनाच्या हातात. आजा म्हणाला सरकव, नातीनं सरकवली.

तलाव फुगला. असा ऐसपैस, निळाशार, पार मारुतीच्या देवळाले टेकला. टाळ्या! मामानं पयली टाळी वाजवली. मग टीनानं पट्टी पुढं आणली... तलाव आखडला. आणखी पुढं, आणखी आखडला. मागं... फुगला. पुढं... आखडला. पोट्ट्यांले खेळच सापडला, "फुगला! आखडला! फुगला! आखडला!" अन् जिथं पाणी आखडे तिथं धानाच्या हिरव्या चौकोनी बांध्या उगवत. टीना ओरडली, "आबाजी, आबाजी! ही त आपली बांधी! आपली बांधी तलावात पोहून राहिली!"

मले माहीत नव्हतं का? होतं. साऱ्या गावाले होतं. पण माहीत असणं वेगळं अन् टीव्हीवर असणं वेगळं. मी टीनाच्या हातून मोबाईल घेऊ शकत होतो. नाही घेतला! कायले घेऊ? मोठ्यांनी म्हटलं होतं ना, इतिहास दाखव? का इतिहास फक्त मेलेल्या माणसांचाच असते?

मग पाहावं मोठ्या माणसांचं ज्ञान! मधुकरराव, मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष, घसा खाकरून म्हणते, "सॅटेलाईट वरून पाहते ना, त्याले तिरपं दिसते." गोपीचंद, जुने सरपंच, म्हणते, "ढग आला असन." हिरवा ढग! चौकोनी! त्याले बांध घातलेला! अन् टीनाचं बोट काही थांबे ना. पट्टी पुढं सरके तशा मधुकररावच्या दोन बांध्या तलावात उतरल्या, मग गोपीचंदची, साऱ्यांच्या बांध्या म्हशीसारख्या एकामागं एक पाण्यात उतरून बसल्या. सगळ्यात मोठी म्हैस आमची.

अन् तेव्हा चंद्रकुमार उडी मारून उभा राहिला. "समजलं! समजलं! कोणाचा मामा ते समजलं! कुंदनदादाचा मामा!"

कोणी हसलं नाही. गिरजाबाई तेवढी हसली. तिचं वावर कालव्याच्या पार शेवटच्या टोकाले, तिथं तलावाचं पाणी येणं कधीचंच बंद झालं, पोरगा नागपूरले मजुरीले गेला. ती पदर तोंडात घालून हसत राहिली अन् कोणीच तिच्याकडं पाहिलं नाही. मधुकररावनं टीव्हीची पिन काढली. कार्यक्रम संपला. जिलेबी मात्र साऱ्यांनी खाल्ली हां! बांधीवाल्यांनी खाल्ली, बिगरबांधीवाल्यांनीही खाल्ली.

घरी आलो. वाटलं, आता मारते. मारलं असतं त बरं झालं असतं, तुम्हाले सांगतो! मामानं मारलं नाही. परसात आला, वाकला, माह्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं, उठला अन् म्हणते, "भाचा आहेस, हात नाही उचलत. निघ."

माय दारात उभी होती. म्हटलं, चाल माय. ती हलली नाही. "तू कायले दाखवलं रे?"

"तलाव मी नाही खाल्ला माय, मी फक्त..."

"मले माहीत नाही का कोणी खाल्ला? त्याच बांधीचा भात खाऊन मोठा झालास तू. माहेर आहे हे माहं. तुह्या नकाशात माहेर दिसते का?"

त्या भाताचं मले त सुचलंच नव्हतं.

आता भंडाऱ्याले भांड्याच्या दुकानात पितळ घासतो. गावात वर्ग अजून चालते म्हणते, टीव्हीवर ताजमहाल गोल फिरते, रिमोट मामाच्या मांडीवर. चंद्रकुमारले येऊ देत नाही. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर गाव उघडतो. परसात दोरीवर काहीतरी पांढरं दिसते. मायचं लुगडं असन, नाहीतर पोतं. मोठं करून पाहाले गेलं की फोटो फुटते.

तलाव मी नाही खाल्ला. मी फक्त दाखवला. माय मामाकडेच राहिली, अन् माहा फोन उचलत नाही.