पाळण्यावरचा पिवळा बल्ब

हसू नका हं, पण त्या दिवशी माझा जीव अगदी कंठाशी आला होता. विश्रांतवाडीत आमच्या बचत गटाला वीजबचतीचं काम मिळालं होतं. घरोघरी जुना पिवळा बल्ब घ्यायचा आणि बदल्यात नवा एलईडी द्यायचा. दारोदारी मी पाठ केलेलं म्हणायची, "मावशी, जुन्या बल्बची बरीचशी वीज नुसती तापण्यातच वाया जाते."

मग म्हटलं, आपल्याच घरी जुना कशाला? बाळाच्या पाळण्यावरचा बल्ब काढून दिला आणि नवा लावला. उजेड कसा लख्ख पडला! तासाभरानं बघते, तर बाळाचे पाय गार. बाळ कमी वजनाचं, त्यात थंडी. सासूबाईंनी तो बल्ब उबेसाठीच टांगला होता.

बाळाला शालीत गुंडाळून मी जुने बल्ब गोळा करणाऱ्या साहेबांच्या टेम्पोकडे धावले. "साहेब, माझा बल्ब परत द्या हो, बाळ गार पडलंय!"

"अहो, जुने सगळे जागच्या जागी फोडतो आम्ही."

मला रडूच फुटलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सकाळपासून अख्ख्या वस्तीला सांगताय, बल्ब तापतो म्हणून. स्वतः ऐकलं नाहीत वाटतं?"

"ऐकलं कुठे, साहेब? नुसतं बोलले."

"बरं, बाळाला आधी पदराखाली छातीशी धरा. त्याला वीज लागत नाही."

तिथेच टेम्पोला टेकून बसले. हळूहळू पाय कोमट झाले, तेव्हा कुठे मला श्वास आला.

आता दारात पहिलं विचारते, "बल्ब उजेडाला आहे की उबेला?" आणि उत्तर येईपर्यंत हात छातीशी बांधलेल्या झोळीतल्या बाळाचे पाय चाचपत असतो.